सक्ती गेली, मुखपट्टीचं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३१ मार्च २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कोरोनाचे सर्व निर्बंध उठवायचं ठरवलं आणि २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो निर्णय अमलात आला. दोन वर्षांनी लोकांनी मोकळ्या चेहऱ्यानं गुढ्या उभारल्या. मास्क यापुढे ऐच्छिक राहील, असं सरकारनं जाहीर केलं. ‘ऐच्छिक’ हा शब्द कानाला गोड लागतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की कालपर्यंत जो निर्णय सरकार आपल्या वतीनं घेत होतं, तो आता ज्याचा त्यानं घ्यायचा. तो कसा घ्यायचा, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

मी पनवेलमध्ये दवाखाना चालवतो. त्या पाडव्यापासून हा प्रश्न माझ्यासमोर दोन रूपांत येतो. काही जण विचारतात, “डॉक्टर, आता नाही लावला तर चालेल ना?” काही जण आवाज खाली आणून विचारतात, “अजून लावला तर लोक हसतील का हो?” पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या प्रश्नाची मला अधिक काळजी वाटते, कारण तो विचारणाऱ्यालाच बहुधा मास्कची खरी गरज असते. म्हणून आज या दोन्ही प्रश्नांबद्दल थोडं सविस्तर बोलू.

सगळ्यांना सक्ती का होती?

मास्क सर्वांनाच का लावायला लावला होता, हे आधी आठवू या. मुंबईत ८ एप्रिल २०२० पासून सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा झाला आणि नंतर तो सगळीकडेच आला. या विषाणूची एक खोड अशी, की लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवू लागतो. शेजारी बसलेला धडधाकट दिसतोय, त्याला स्वतःलाही काही जाणवत नाही, पण त्याच्या श्वासातून आणि बोलण्यातून विषाणू बाहेर पडतोच आहे. आजारी कोण ते ओळखता येत नसेल, तर सगळ्यांनीच तोंड झाकायचं, हा त्यामागचा साधा हिशेब. त्या वेळी कुणाच्याच शरीराला हा विषाणू ओळखीचा नव्हता, लस नव्हती आणि रुग्णालयात खाटा मिळत नव्हत्या.

२०२२ च्या सुरुवातीची ओमिक्रॉनची लाट ओसरली, तोवर ही परिस्थिती बदलली होती. बहुतेकांना लस मिळाली होती किंवा आजार होऊन गेला होता, अनेकांच्या बाबतीत दोन्ही. गंभीर आजाराचं प्रमाण खूप कमी झालं होतं. रस्त्यावरच्या प्रत्येकाला दंडाच्या धाकानं मास्क लावायला लावण्याचं कारण उरलं नव्हतं. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनंही आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं.

सक्ती संपली ती अशी, हिशेब बदलला म्हणून. विषाणू मात्र कुठे गेलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये रुग्ण वाढू लागले, तेव्हा सातारा जिल्ह्यात सरकारी कार्यालयं, बँका, शाळा-महाविद्यालयं अशा ठिकाणी मास्क पुन्हा सक्तीचा करण्यात आला होता. २०२५ च्या मे महिन्यातही राज्यात रुग्ण थोडे वाढले. त्या वेळी सक्ती झाली नाही. म्हणजे सरकारचा नियम येतो-जातो. आपल्याला त्यापेक्षा टिकाऊ अशी स्वतःची काही रीत हवी.

प्लेगची शिकवण

ही रीत ठरवताना मला एक जुना दाखला उपयोगी वाटतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर काही महिन्यांतच, १८९७ मध्ये, साथरोग कायदा आला. कोरोनाकाळातल्या नियमांना ज्या कायद्यांचा आधार होता, त्यांतला एक हाच, सव्वाशे वर्षं जुना. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं पुण्यात निधन झालं, हे आपण सारे जाणतोच.

आपल्याकडची ती साथ मुख्यतः गाठींच्या प्लेगची होती. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच संशोधकानं दाखवून दिलं, की हा रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवा माणसापर्यंत आणतात. आता विचार करा, पिसू चावून होणाऱ्या रोगावर तोंडाला फडकं बांधून काय होणार?

पण १९१०-११ मध्ये चीनच्या मांचुरिया प्रांतात प्लेगची साथ आली, ती फुप्फुसांच्या प्लेगची. तिथे पाठवलेल्या वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, की हा रोग खोकल्यातून, श्वासावाटे पसरतो आहे. त्यांनी जाळीदार सुती कापड आणि कापसाचे थर घालून मुखपट्टी तयार केली आणि ती सर्व कर्मचाऱ्यांना बांधायला लावली. मेनी नावाच्या एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना हे पटलं नाही. ते पट्टी न बांधता रुग्णांना तपासायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगनं दगावले. त्या साथीत सुमारे साठ हजार माणसं गेली.

रोगाचं नाव एकच, जंतूही तोच. पण एका ठिकाणी मुखपट्टी निरुपयोगी आणि दुसऱ्या ठिकाणी जीव वाचवणारी. म्हणून ‘मास्क चांगला की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या रोगासाठी, कुठे आणि कुणासाठी, एवढं विचारलं की प्रश्न पुरा होतो.

पट्टी काय अडवते?

अनेकांचा समज असा, की विषाणू इतका बारीक, तो कापडाच्या भोकांतून सहज जाणार. एन-९५ मास्कचं काम चाळणीसारखं असतं तर ते खरं ठरलं असतं. पण त्यात तंतूंचं दाट जाळं असतं. मोठे कण वळणं घेऊ न शकल्यानं तंतूंवर आदळतात. अगदी बारीक कण हवेत इकडेतिकडे थरथरत असतात, तेही तंतूंना चिकटतात. शिवाय या तंतूंना स्थिर विद्युतभार दिलेला असतो, तो कणांना ओढून घेतो. आपण केस विंचरून कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेतो तेव्हा कपटे उडून चिकटतात ना, तसंच. या जाळ्यातून निसटायला सर्वांत सोपे कण सुमारे ०.३ मायक्रॉनचे, तेही हा मास्क किमान ९५ टक्के अडवतो, म्हणून त्याचं नाव एन-९५. असा मास्क साबणानं धुतला की तो विद्युतभार जातो आणि उरतं ते नुसतं फडकं. म्हणून तो धुवायचा नसतो.

निळा सर्जिकल मास्क कण बऱ्यापैकी अडवतो, पण गालांच्या बाजूनं सैल राहतो आणि हवा तिथून ये-जा करते. साधा कापडी मास्क सर्वांत दुबळा. चष्मा लावणाऱ्यांना एक सोपी परीक्षा करता येते. श्वास सोडल्यावर काचांवर वाफ धरली, तर नाकापाशी फट आहे असं समजावं आणि नाकावरची तार दाबून बसवावी. झडप असलेला मास्क लावणाऱ्याचं रक्षण करतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो. म्हणूनच जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं लोकांनी तसे मास्क वापरू नयेत असं कळवलं होतं. आणि हनुवटीवर ओढलेल्या मास्कबद्दल काय बोलावं! तो फक्त दाढी झाकतो.

मास्कनं प्राणवायू कमी पडतो, ही भीतीही अनेकांना वाटते. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू मास्कमधून आरामात ये-जा करतात. गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः आतल्या उष्णतेमुळे आणि दमटपणामुळे. पण ज्यांना आधीच दम लागतो त्यांना हा त्रास अधिक होतो, हे मान्य करायला हवं. दोन वर्षांखालच्या बाळांना तर मास्क लावूच नये.

अभ्यास काय म्हणतात?

मास्कमुळे खरोखर फरक पडतो का, याचा एक मोठा अभ्यास आपल्या शेजारी बांगलादेशात २०२०-२१ मध्ये झाला. सुमारे सहाशे गावं आणि तीन लाखांहून अधिक प्रौढ माणसं त्यात होती. काही गावांत मास्क फुकट वाटून ते वापरण्याचा प्रचार केला. त्यामुळे नीट मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक तेव्हाही लावत नव्हतेच. तरीही सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला कोरोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला आणि साठीच्या पुढच्या लोकांत तर ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कच्या गावांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

जानेवारी २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला आणि ‘मास्कचा उपयोग नाही, हे सिद्ध झालं’ अशा बातम्या जगभर झळकल्या. संस्थेच्या मुख्य संपादिकेनं मार्चमध्ये खुलासा केला, की असा अर्थ काढणं चुकीचं आहे. लोकांना मास्क लावायला सांगितल्यानं साथ कमी होते का, एवढंच त्या आढाव्यानं तपासलं होतं आणि त्याचं ठाम उत्तर मिळालं नव्हतं. सांगणं वेगळं आणि प्रत्यक्ष नीट लावणं वेगळं, हे आपल्याला का ठाऊक नाही?

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१२ साली प्रसिद्ध झालेला दक्षिण आफ्रिकेतला क्षयरोगाचा प्रयोग. अश्विन धर्माधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णांच्या कक्षातली हवा दोन खोल्यांत सोडली जाई. प्रत्येक खोलीत नव्वद गिनीपिग. रुग्णांनी सर्जिकल मास्क लावलेला असेल त्या दिवशी हवा एका खोलीत जाई, आणि मास्क नसेल त्या दिवशी दुसऱ्या खोलीत. तीन महिन्यांनी पाहिलं, तर बिनमास्कच्या हवेतल्या ६९ प्राण्यांना संसर्ग झालेला होता आणि मास्कच्या हवेतल्या ३६ जणांना.

हा साधा सर्जिकल मास्क होता, आणि तो आजाऱ्याच्या तोंडावर होता. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की आपल्याला खोकला, सर्दी, ताप असेल तेव्हा माणसांत जाताना मास्क लावावा. कोरोना असो, फ्लू असो की क्षय. तपासणी झालेली असो वा नसो. सरकारनं सांगितलेलं असो वा नसो.

पनवेलकराचा एक दिवस

आता निरोगी माणसाचं काय? त्यानं जागा पाहावी. पहाटे वडाळे तलावाभोवती फिरताना किंवा कर्नाळ्याचा गड चढताना मास्कचं काही काम नाही. मोकळ्या हवेत श्वासातले कण विरून जातात. उरण नाक्यावर बाजार करतानाही साथ नसेल तर गरज नाही.

सकाळच्या हार्बर लोकलचं पाहा. गाडी पनवेलहून सुटते म्हणून आपल्याला खिडकी मिळते. पण वाशी येईतो माणसाला माणूस चिकटलेला असतो आणि सीएसएमटीपर्यंतचा प्रवास सव्वा तासाहून अधिकच. दारं-खिडक्या उघड्या असतात ही जमेची बाजू. साथीचे दिवस असतील, किंवा शेजारचा सतत खोकत असेल, तर खिशातली पट्टी काढून लावावी. पुण्याला जाणारी वातानुकूलित शिवनेरी मात्र वेगळी. खिडक्या बंद, तीच हवा फिरते आणि प्रवास काही तासांचा. फडके नाट्यगृहात भरलेला प्रयोग असेल तरी गोष्ट तीच. बंद जागा, पुष्कळ माणसं आणि बराच वेळ या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो. घरात किंवा कार्यालयात खिडकी उघडता येत असेल तर ती आधी उघडावी. तो सर्वांत स्वस्त उपाय.

आणि दवाखाना? तिथे मी आजही आग्रह धरतो. माझ्याच बाकावर एकीकडे तापानं फणफणलेलं पोर बसतं आणि त्याच्या शेजारी मधुमेह तपासायला आलेले सत्तरीचे आजोबा. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दोन-दोन तास रांगेत बसायचं असेल, तर मास्क जवळ हवाच.

तळोज्याच्या कारखान्यांकडे कामाला जाणारे विचारतात, की धुळीसाठी आणि वासासाठी मास्क चालेल का? धुळीसाठी नीट बसणारा एन-९५ उपयोगी आहे. स्कूटरवर बांधायच्या ओढणीनं मोठी धूळ अडते, बारीक नाही. रासायनिक वायूंना आणि वासाला मात्र यातलं काहीच अडवत नाही, हे पक्कं लक्षात ठेवावं.

समोर कोण आहे?

जागेनंतर पाहायचं ते माणसाकडे. आपल्या महापालिकेच्याच हद्दीत, खारघरला, टाटा मेमोरियल केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रुग्ण तिथे येतात आणि उपचार चालू असेतो आसपास खोल्या घेऊन राहतात. केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी घटतात. आपल्याला तीन दिवस नाक गळायला लावणारी सर्दी त्यांना अतिदक्षता विभागात पोहोचवू शकते. मूत्रपिंड बदललेले, डायलिसिसवर असलेले, फुप्फुसं दुबळी झालेले रुग्ण तर प्रत्येक वसाहतीत आहेत. त्यांच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं. रिक्षात, दुकानात, स्टेशनवर मास्क लावलेली एखादी मुलगी दिसली, की लोक सहज बोलून जातात, “काय, अजून कोरोना आहे वाटतं!” तिच्या किंवा तिच्या घरच्या कुणाच्या रक्ताचा अहवाल आपण पाहिलेला नसतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका घरातली गोष्ट सांगतो. सासूबाईंना जुना दमा. गणपतीला कोकणात जायच्या आदल्या आठवड्यात सुनेला खोकला झाला. ती घरात मास्क लावून वावरू लागली, तर सासूबाई रागावल्या. “अगं, घरात काय तोंड झाकून फिरतेस? मी काय परकी आहे?” सून म्हणाली, “परक्या असता तर लावला नसता, आई.” चार-पाच दिवस तिनं खिडक्या उघड्या ठेवल्या आणि स्वयंपाकघरात मास्क सोडला नाही. सासूबाई ठणठणीत राहिल्या. ते मास्कमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. एका घरावरून तसं सिद्ध होत नाही. पण रागावलेल्या सासूबाईच आता घरातल्या कुणी शिंकलं की विचारतात, “पट्टी कुठाय रे तुझी?”

दुसऱ्यासाठी तोंड झाकणं आपल्या समाजाला नवं नाही. स्थानकवासी जैन साधू-साध्वी मुखावर पट्टी बांधतात, ती हवेतल्या सूक्ष्म जीवांना आपल्यामुळे इजा होऊ नये म्हणून. जपानमध्ये सर्दी झालेल्यानं मास्क लावून कामावर जाणं हा कोरोनाच्या कितीतरी आधीपासूनचा शिष्टाचार आहे. १३ मार्च २०२३ पासून तिथल्या सरकारनंही हा निर्णय ज्याच्या-त्याच्यावर सोपवला. तरी मास्क लावणाऱ्याकडे तिथे कुणी वळून पाहत नाही.

मास्कचे तोटेही आहेत, ते लपवायला नकोत. कमी ऐकू येणारी माणसं आपले ओठ पाहून बोलणं समजून घेतात. लहान मुलं चेहरा पाहून भाषा शिकतात. वर्गात शिक्षिकेचं हसू दिसणं हेही शिक्षणच आहे. तेव्हा गरज नसताना कायम मास्क लावून राहावं, असं मी कुणालाही सांगत नाही. सक्ती उठली ते योग्यच झालं.

मग करायचं काय? जून लागला की आपण छत्री दाराशी आणून ठेवतो. त्यासाठी कुणाचा हुकूम लागत नाही. आभाळ पाहून ती घ्यायची की नाही ते ठरवतो आणि ज्यानं घेतली त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. तशाच दोन स्वच्छ पट्ट्या पर्समध्ये किंवा ऑफिसच्या पिशवीत कागदी पाकिटात घालून ठेवाव्यात. ओलसर झाली की बदलावी. पावसाळ्यात तर नक्कीच. स्वतःला खोकला असेल तर लावावी, कोंदट गर्दीत बराच वेळ जायचं असेल तर लावावी, घरात किंवा समोर नाजूक प्रकृतीचं माणूस असेल तर लावावी. एरवी खुशाल खिशात राहू द्यावी.

आणि दुसऱ्या कुणी लावलेली दिसली, तर तिच्याबद्दल काही विचारू नये. जरा सरकून त्या माणसाला खिडकीजवळची जागा द्यावी.